ताईंचा पगार आणि ताईंचा शनिवार

बालवाडीसाठी ताई पाहिजे असा निरोप आमच्या गावात फिरला की लोक लगेच नावं सुचवायला लागतात, आणि ते मनापासून सुचवतात, पण काय सुचवतात तर "अमक्याची सून घराकच आसा, तिका घेवा." घरी आहे, मोकळी आहे, बारावी झालीय, स्वभावाने बरी आहे, झालं. गणपती कुठल्या शाळेतून (म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यातून) आणायचा, कुणाच्या हाताला डोळे चांगले जमतात यावर दोन दोन महिने आधी बोलणारी माणसं आपण, आणि आपलंच तीन वर्षांचं पोर रोज चार तास कुणाच्या हातात द्यायचं ते मात्र कोण मोकळी आहे यावर ठरतं. मला हे खूप लागतं म्हणून आज सगळं लिहून काढतेय.

मी मालवण तालुक्यात किनाऱ्याजवळच्या एका गावात बालवाडी बघते, गावच्याच ट्रस्टची आहे, अडीच ते सहा वर्षांची मुलं येतात. अर्धी गाबीतवाड्यातली, म्हणजे मच्छीमारांच्या वाडीतली, थोडी वरच्या सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या) वाड्यांमधली, आणि आता ज्यांच्या घरी होमस्टे सुरू झालेत त्यांचीही. इतकी वर्षं हे काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. चांगली ताई निवडणं हे कामाचं लहान टोक आहे. खरं काम ती रुजू झाल्यावर सुरू होतं, आणि ते काम पगारी वेळेत व्हायला पाहिजे, तिच्या घरच्या वेळेत नाही. जिथे हे दोन पैसे खर्च करायची तयारी नाही तिथे कितीही शिकलेली बाई आणा, वर्षभरात एकतर ती जाते नाहीतर थकून नुसती मुलं सांभाळायला लागते.

"लहान मुलांना सांभाळायचं, त्यात शिकायचं काय" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगते. आमची मुलं गाऱ्हाण्याचा खेळ खेळतात. एकजण पुढे उभा राहून "बा देवा म्हाराजा" सुरू करतो आणि बाकीची सगळी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात, मग कुणाच्या आजीचं दुखणं, कुणाच्या वडलांची होडी, कुणाला सायकल पाहिजे, सगळं देवापुढे. नवीन माणसाला हा आरडाओरडा वाटतो आणि ती "गप बसा रे" म्हणून फळ्याकडे वळते. ज्या ताईची नजर तयार झालीय तिला त्यात काय काय दिसतं बघा, चार वर्षांचा पोरगा न अडखळता एवढं मोठं बोलतोय, पुढे काय मागायचं हे डोक्यात जुळवतोय, बाकीची मुलं आपली वेळ येईपर्यंत थांबतायत (या वयात थांबणं ही फार अवघड गोष्ट आहे), आणि जी मुलगी कधीच बोलत नाही ती पण "व्हय म्हाराजा" मध्ये आवाज मिळवतेय. मग ही ताई खेळ न मोडता आत शिरते आणि म्हणते, "आज्याच्या गुडघ्याचा पण सांग रे," आणि पोरगा गुडघा, कंबर, पाठ, डोळे असं सगळं अंग देवासमोर मांडतो. दुसऱ्या दिवशी त्या गप्प मुलीला गाऱ्हाणं घालायला पुढे उभी करायची का अजून दोन दिवस थांबायचं, हेही ती ठरवते. एवढं सगळं त्या पंधरा मिनिटांत झालं आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटलं पोरं खेळतायत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. त्यात तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र. कागदावर बालवाडी शाळेच्या बरोबरीला आली. पगाराच्या कागदावर अजून आलेली नाही, त्यावर पुढे बोलते.

आधी पात्रतेचं. आमच्याकडे अर्ज येतात ते बहुतेक डी.एल.एड. किंवा बी.एड. झालेल्यांचे, आणि लोकांना वाटतं वा, शिक्षिकाच मिळाली. पण डी.एल.एड. प्राथमिक शाळेसाठी आहे आणि बी.एड. त्याच्या वरच्या वर्गांसाठी, तीन वर्षांच्या मुलाजवळ काय करायचं याची तयारी त्यात जवळजवळ नसते. शिक्षकांचे कोर्स ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, एनसीटीईच्या, २०१४ च्या नियमांमध्ये पूर्वप्राथमिकसाठी वेगळा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, पण तो केलेली बाई आमच्या पट्ट्यात मला क्वचितच भेटते. बाकी मग खाजगी माँटेसरी कोर्स, काही खूप चांगले, रोज साहित्य हाताळायला लावणारे, तर काही असे की चार रविवार जाऊन आलं की रंगीत सर्टिफिकेट. म्हणून मी सर्टिफिकेट बघते जरूर, पण त्यावर विचारते की तुम्ही कोर्समध्ये प्रत्यक्ष मुलांबरोबर किती वेळ होता आणि तेव्हा तुमच्याजवळ बसून कोण बघत होतं. या प्रश्नाचं उत्तर मिळालं की कोर्सचं वजन आपोआप कळतं.

मुलाखत ऑफिसात घेऊ नका, हे माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे. तिला सकाळी बालवाडीत बोलवा, अख्खी सकाळ राहू दे, आणि त्या सकाळचे पैसे द्या, कारण ती कदाचित आंब्याच्या पॅकिंगचा किंवा काजू कारखान्याचा रोज बुडवून आलेली असते. डेमो धडा मागू नका, डेमो धड्यात सगळ्या छान तक्ते आणतात आणि "हे काय आहे मुलांनो" विचारतात, त्यातून काही कळत नाही. तिला म्हणा, फक्त मुलांमध्ये रहा. आणि आपण कोपऱ्यात बसून बघायचं.

मी काय बघते, तर आधी हे की ती जमिनीवर बसते का. साडी आवरत उभी राहणारी आणि पटकन मांडी घालणारी यात फरक असतो, आणि तो वयाचा नाही, आमच्याकडच्या सगळ्यात वयस्कर ताई सगळ्यात आधी खाली बसतात. मग एखादं मूल रडत असेल तर ती काय करते. "रडू नको, बघ सगळे हसतात" म्हणते, की नुसती जवळ जाऊन बसते. एखाद्याने दुसऱ्याला ढकललं तर आधी कुणाकडे जाते, ढकलणाऱ्यावर ओरडायला की पडलेल्याला बघायला. मुलाने काही विचित्र सांगितलं, म्हणजे "आमच्या माडार वाघ इल्लो" असं, तर ती "खोटं बोलू नये" म्हणते की "मग तुम्ही काय केलात" विचारते. त्या "मग तुम्ही काय केलात" साठी मी वाट बघत असते खरं तर, कारण बाकी पुष्कळ शिकवता येतं पण मुलाच्या बोलण्याचं कौतुक वाटणं हे मूळचं असावं लागतं.

तिला लहानपणी कुणी सांगितलेली एक गोष्टही मी सांगायला लावते, पुस्तकातली नको. ज्यांनी आजीकडून ऐकलंय त्यांच्याकडे लय असते, हात आपोआप हलायला लागतात. दशावतार बघत वाढलेली बाई असेल तर संकासुराचा आवाज काढताना मुलं डोळे फाडून बघतात.

आणि एक गोष्ट आमच्याकडे सगळे टाळतात, ती म्हणजे चौकशी. "अरे आपल्याच गावातली ना, तिची काय चौकशी करायची" म्हणून विषय संपतो. पण खाजगी प्ले स्कूलसाठी राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाची जी मार्गदर्शक सूचना आहे त्यात कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आहे आणि ती योग्यच आहे. आम्ही सगळ्यांची करतो, ताई, मदतनीस, रिक्षावाले दादा, अगदी सगळ्यांची, आणि सगळ्यांची करतो म्हणून कुणालाच अपमान वाटत नाही. त्याच सूचनेत वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि सोबत एक सांभाळणारी असं प्रमाण दिलंय, ते आम्ही पाळतो, पटसंख्या वाढली तरी पाळतो, आणि त्यामुळे प्रवेश नाकारावे लागतात तेव्हा गावात नाराजी येते ती सोसतो.

आता मोठा प्रश्न, गावातली बाई की बाहेरची शिकलेली. अंगणवाडीसाठी सरकारने याचं उत्तर दिलेलं आहे, त्याच गावची रहिवासी पाहिजे आणि २०२३ पासून सेविका आणि मदतनीस दोघींनाही बारावी पास पाहिजे. मीही गावातल्या बाईच्या बाजूने आहे, आणि हे मी प्रेमापोटी म्हणत नाही, हिशेबाने म्हणते. कुडाळ किंवा मालवण शहरातून एसटीने येणारी शिक्षिका जुलैमध्ये वहाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं की दोन दोन दिवस पोचत नाही, आणि डी.एल.एड. झालेली मुलगी मनाने सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर बसलेली असते, जिल्हा परिषदेची भरती निघाली आणि नाव लागलं की नोव्हेंबरमध्ये, वर्षाच्या मध्येच, तिला जावं लागतं. मी तिला दोष देत नाही, तिने जायलाच पाहिजे, तिथे पगाराची हमी आहे. पण तीन वर्षांच्या मुलाने जिच्यावर नुकता विश्वास टाकलाय ती एका सोमवारपासून नाही, हे त्या मुलाच्या पोटात जातं. आठवडाभर सगळ्या मुलांचं खाणं कमी झालेलं मी बघितलंय.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत हेड स्टार्ट म्हणून गरीब मुलांसाठी सरकारी कार्यक्रम १९६५ पासून चालतो, तिथे २००७ च्या कायद्याने ठरवलं की २०१३ पर्यंत निम्म्या शिक्षिका पदवीधर पाहिजेत. त्यांनी पदव्या मिळवल्या, पण सरकारी शाळेत त्याच पदवीला जास्त पगार मिळतो, त्यामुळे शिकवून तयार केलेली माणसं शाळांकडे जातात ही तक्रार तिथे कायम आहे. पात्रता वाढवायची आणि पगार जागेवर ठेवायचा हे कुठे जमलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मग गावातली बाई घ्यायची आणि तिला शिकवायचा खर्च आपण करायचा, माझ्याकडे हेच उत्तर आहे, आणि ते आपल्याच किनाऱ्यावर फार आधी कुणीतरी करून दाखवलेलं आहे. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. शहरातलं महागडं साहित्य परवडणार नाही म्हटल्यावर शिंपले, बिया, पानं, दगड घेतले. आणि हे सगळं करताना शिक्षिका तयार करण्याचं काम त्याच ठिकाणी, चालू बालवाडीच्या शेजारी ठेवलं. मला यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिकणारी बाई सकाळी मुलांमध्ये, दुपारी त्यावरच बोलणं, आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच मुलांमध्ये. आज आपण बाईला मुलांपासून तोडून तालुक्याच्या हॉलमध्ये नेतो, पंख्याखाली प्रोजेक्टर दाखवतो आणि परत पाठवतो.

गावातली बाई घेण्याचं अजून एक कारण बोलीचं आहे. गाबीतवाड्यातलं मूल घरून मालवणी घेऊन येतं, "माका", "खय", "कित्याक". त्याला पहिल्याच दिवशी "माका नाही, मला म्हण" असं सांगितलं तर ते शिकतं एवढंच की इथे बोलायचं नाही. आमच्याकडे एक पोरगा होता, बरेच दिवस तोंडच उघडलं नाही, सगळ्यांना वाटायला लागलं डॉक्टरला दाखवायला हवं. मग एकदा ताईंनी सहज विचारलं, "तुज्या बापसान आज काय हाडल्यान रे?" आणि तो सुटला, बांगडे, सुंगटा, तारल्या, कुठल्या जाळ्यात काय मिळतं, किनाऱ्यावरून रापण (मोठं जाळं) ओढायला किती माणसं लागतात, सगळं. त्या दिवशी ताईंनी पाटीवर माशांची चित्रं काढून त्याच्याकडून मोजून घेतली आणि बाकीची मुलं त्याला विचारायला लागली. प्रमाण मराठी ती मुलं ताईंच्या तोंडून ऐकत ऐकत वर्षभरात उचलतात, त्याला काही कष्ट पडत नाहीत, पण आधी त्यांच्या बोलण्याला जागा पाहिजे. बाहेरून आलेली शिक्षिका हे करू शकत नाही असं नाही, फक्त तिला आधी मालवणी शिकावी लागते आणि आम्ही तसं तिला स्पष्ट सांगतो.

आता घडवण्याचं. नवीन ताई आली की पहिले काही आठवडे तिच्याकडे गट द्यायचा नाही. तिने जुन्या ताईंबरोबर रहायचं, मुलांची नावं, घरं, कुणाचे वडील ट्रॉलरवर असतात, कुणाची आई गोव्याला कामाला आहे हे माहीत करून घ्यायचं, आणि रोज एकाच मुलाकडे बघून वहीत चार ओळी लिहायच्या. चारच, पण बघितलेलं लिहायचं. "हुशार आहे" असं नाही चालत, "वाळूत पाणी ओतलं, खड्डा भरेना म्हणून तीनदा ओतलं, मग करवंटी खाली ठेवली" असं लिहायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्या जणी हुशार, मस्तीखोर, लाजाळू असंच लिहितात आणि हळूहळू नजर बदलते, हे बघायला मला आजही फार आवडतं.

आणि शनिवार. शनिवारी आमच्याकडे मुलं अर्धा वेळच येतात आणि त्यानंतरचे दोन तास ताईंचे असतात, पगारी, आणि ते दोन तास कुणी घ्यायचे नाहीत, ना ग्रामपंचायतीने ना आम्ही ट्रस्टवाल्यांनी. हळदीकुंकवाची तयारी, नोंदवह्या, पताका लावणं, काही नाही. बसायचं आणि या आठवड्यात मुलांबरोबर काय झालं ते बोलायचं. एकमेकींच्या गटात बसून काय दिसलं ते सांगायचं, आणि ते सांगण्याची पद्धतही ठरलेली आहे, म्हणजे "तुझं चुकलं" असं नाही म्हणायचं, "तू हे विचारलंस तेव्हा अमका असं म्हणाला" एवढंच, बाकी जिचं तिला कळतं.

कधी कधी फोनवर दहा मिनिटांचा व्हिडिओ काढतो, पालकांची लेखी परवानगी घेऊन, आणि तो शनिवारी बघून झाला की पुसून टाकतो, व्हॉट्सअॅपवर कुठेही जात नाही. एका ताईंनी असा स्वतःचा व्हिडिओ बघितला आणि त्यांच्याच लक्षात आलं की प्रश्न विचारला की श्वास घ्यायच्या आत त्या स्वतःच उत्तर देतात. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, जी मुलं बोलत नाहीत ती बोलायला लागतात. ते मी शनिवारी सांगितलं आणि ताईंनी स्वतःसाठी युक्ती काढली, प्रश्न विचारला की पदराचं टोक तीनदा बोटाला गुंडाळायचं आणि मग बोलायचं. पुढच्या व्हिडिओत मुलांचे आवाज ताईंपेक्षा जास्त होते. कुठल्याच लेक्चरमधून हे झालं नसतं, आणि यासाठी पैसे लागले ते फक्त त्या दोन तासांच्या पगाराचे.

सरकारी ट्रेनिंगला मी नावं ठेवत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारचा पोषण भी पढाई भी हा कार्यक्रम सुरू झाला, त्यात अंगणवाडी सेविकांना तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, आणि राज्याचा आकार हा अभ्यासक्रमही बरा आहे, त्यातले खेळ आम्ही वापरतो. पण तीन दिवसांनंतर ज्या सेविकेकडे आहाराचं वाटप, वजन-उंची, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायकांच्या घरभेटी आणि वर पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर माहिती भरणं आहे, आणि सड्यावर जिथे रेंज नाही तिथे फोन उंच धरून ती माहिती पाठवणं आहे, तिने खेळ कधी घ्यायचे? पर्यवेक्षिका येते ती रजिस्टर बघते, कारण तिच्याकडे इतक्या अंगणवाड्या असतात की मुलांजवळ तासभर बसायला तिला वेळच उरत नाही. २०२० च्या धोरणात बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आणि त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाचा डिप्लोमा सांगितलाय, काम चालू ठेवून, फोन-टीव्हीवरून, आणि महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग. कल्पना चांगली आहे. त्यातला तो प्रत्यक्ष वर्ग मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि कात्री लागते तेव्हा पहिली त्यालाच लागेल अशी मला भीती आहे, म्हणून सेविका संघटनांनी त्यावर अडून बसावं असं मला वाटतं.

पालकांशी बोलणं हाही ताईंच्या तयारीचाच भाग आहे, याकडे कुणी बघत नाही. आमच्या गावातून शहरातल्या इंग्लिश मीडियमची व्हॅन जाते, त्यातली मुलं ज्युनियर केजीत वही भरून एबीसीडी लिहितात, आणि मग आमचे पालक ताईंना दारात अडवतात की आमचा अजून एकपण अक्षर कसा नाही लिहीत. तिथे ताई गडबडली तर दुसऱ्या दिवसापासून ती घाबरून पेन्सिल द्यायला लागते. म्हणून शनिवारी आम्ही याचीही तालीम करतो, एक ताई पालक होते. आमच्या ताई आता पालकांना आतच बोलावतात, मुलं कडवे वाल सोलत बसलेली असतात ते दाखवतात आणि सांगतात की बघा, भिजलेल्या वालाची साल काढताना अंगठा आणि दोन बोटं कशी चालतायत, हीच बोटं उद्या पेन्सिल धरणार, आज जबरदस्तीने धरली तर मूठ करून धरेल आणि ती सवय सहज मोडत नाही. बिरडं घरी रोज होतं, त्यामुळे आयांना ते लगेच पटतं, आणि बरेचदा दुसऱ्या दिवशी घरी पण पोराला वाल सोलायला बसवलेलं असतं.

मदतनीस मावशींना शनिवारच्या बैठकीतून वगळू नका. मूल शू झाली की मावशींकडे जातं, जेवताना मावशींजवळ बसतं, पडलं की मावशींना सांगतं, म्हणजे दिवसातलं सगळ्यात खरं बोलणं मावशींशी होतं आणि आपण त्यांना झाडू-भांड्यात मोजतो. आमच्या एक मावशी वर्षानुवर्षं बैठकीला बसल्या, मग त्यांनी अर्धवट राहिलेली बारावी दिली, आता त्या ताई आहेत. अंगणवाडीतही पात्र मदतनीसाला सेविका होण्याची वाट आहे, ती वाट प्रत्येक मदतनीसाला माहीत असायला हवी आणि कुणीतरी तिच्या परीक्षेच्या फॉर्मची आठवण ठेवायला हवी.

आता पैसे. राज्यात २०२३ मध्ये सेविकांचं मानधन दहा हजार आणि मदतनीसांचं साडेपाच हजार झालं, तरी त्याच वर्षी डिसेंबरात सेविका संपावर गेल्या आणि जानेवारी २०२४ पर्यंत राहिल्या, मग २०२४ मध्ये पुन्हा वाढ झाली. प्रत्येक वेळी रस्त्यावर बसूनच मिळालंय. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सुद्धा २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. आणि आमच्यासारख्या गावातल्या खाजगी बालवाड्यांची स्थिती बहुतेक ठिकाणी अंगणवाडीपेक्षाही वाईट आहे, कारण फी वाढवली तर गाबीतवाड्यातली मुलं गळतात आणि नाही वाढवली तर ताई गळतात. काजू कारखान्यात, सीझनला पॅकिंगमध्ये, रिसॉर्टच्या किचनमध्ये बाईला याच्याहून जास्त सुटतात, आणि तरी ती बालवाडीत राहते तेव्हा आपण तिला "तिला मुलांची आवड आहे" म्हणतो. आवड आहेच. पण घरातल्या गॅसचे पैसे आवडीतून निघत नाहीत.

आम्ही एवढं करतो की बारा महिन्यांचा पगार देतो, मे महिन्याचा पण, आजारपणाची रजा कापत नाही, कोर्सची फी ट्रस्ट भरतो आणि कोर्स पूर्ण झाला की त्याच महिन्यापासून पगार वाढतो, वार्षिक सभेची वाट बघत नाही. कोर्सनंतर अमुक वर्षं इथेच राहीन असा बॉण्ड आम्ही लिहून घेत नाही. लग्न होऊन एखादी देवगडला किंवा वेंगुर्ल्याला गेली तर जाऊ दे, तिथल्या मुलांना ती मिळेल. आणि बॉण्ड नसताना, मे चा पगार सुरू झाल्यापासून, ताई टिकायला लागल्यात.

याचा सगळा भार देणग्यांवर आहे आणि इथे मला मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावच्या मंडळींशी बोलायचंय. गणपतीला तुम्ही येता, बालवाडी बघता, मुलांना खाऊ देता, आणि जाताना विचारता काय पाहिजे. आजवर तुमच्या पैशांतून कंपाउंड झालं, फरशी झाली, घसरगुंडी आली, दारावर नावाची पाटी आहे आणि ती असायलाच पाहिजे. पण पगारासाठी मागितलं की उत्तर येतं की पगाराला देणगी कशी द्यायची, ते तर खर्च होऊन जातात, दाखवायला काही राहत नाही. बाबांनो, फरशीवर मूल बसतं पण फरशी त्याच्याशी बोलत नाही. इमारत आमच्याकडे पुरेशी झाली आहे. घसरगुंडी दुसरी नको.

तर या वर्षी तुमच्या मुंबईच्या मंडळाच्या मिटिंगमध्ये बालवाडीच्या ताईंचा पगार हा स्वतंत्र विषय घ्या, एवढी विनंती. एकदम मोठी रक्कम नको, दरमहा ठराविक द्या आणि तीन वर्षांसाठी ठरवून द्या, कारण एका वर्षाच्या पैशावर मी कुठल्याच बाईला दोन वर्षांच्या डिप्लोमाला पाठवू शकत नाही, मध्येच फी थांबली तर तिचंच नुकसान. त्यातला एक भाग शनिवारच्या दोन तासांसाठी वेगळा लिहा, म्हणजे उद्या मी इथे नसले तरी ते तास कुणी काढून घेणार नाही. हिशेब दर सहा महिन्यांनी लेखी पाठवू, पगारपत्रकासकट, आणि कोण कुठला कोर्स करतेय, कुठपर्यंत आली तेही त्यात असेल. आणि तुमच्यापैकी कुणाला जमलं तर गणपतीत एक सकाळ खाऊ न आणता या, जमिनीवर बसा, ताई काम करताना बघा, मग मिटिंगला जा.